चेंडू आत गेला होता, अण्णा

अण्णा, तुम्ही गेल्यापासून ओटीवर माणसं येऊन बसताहेत. तुमचे जुने विद्यार्थी येतात. कुणी वकील झालाय, कुणी पेढी सांभाळतो, एकजण तर मुंबईहून मुद्दाम आला. सगळे तुमच्या गणिताबद्दल बोलतात. फळ्याकडे पाठ करून तुम्ही भूमितीचे सिद्धांत कसे सांगायचात, वर्गात पावलाच्या आवाजावरून मुलगा कसा ओळखायचात, हे एकमेकांना पुन्हा पुन्हा सांगतात. फुटबॉलचं नाव मात्र कुणी काढत नाही. बोलता बोलता एखादा तिथपर्यंत येतो, "मास्तर पंच असताना" एवढं म्हणतो, आणि शेजारचा त्याच्या गुडघ्यावर हात ठेवतो. मग कुणीतरी पाणी मागतं.

मी माजघराच्या दाराशी बसून ऐकते. माझ्या आठवणीतले तुम्ही फळ्यासमोर नसताच. तुम्ही गावावरच्या सड्यावर, त्या कातळाच्या माळावर असता, तोंडात शिट्टी धरून, धोतर गुडघ्यापर्यंत खोचून पळत असता, आणि मी श्वास रोखून बघत असते की आता तुम्ही कशावर तरी आपटणार.

सुरुवात अशी नव्हती. सुरुवातीला नुसती मजा होती. पाऊस सरला, सड्यावरच्या कातळातलं गवत अजून हिरवं असलं, की सामने सुरू व्हायचे. शनिवारी सकाळची शाळा. दुपारी जेवून तुम्ही वाईच लवंडायचात आणि मग काळा कोट चढवून, पायात कॅनव्हासचे बूट घालून ओटीवर उभे राहायचात. "चला, सगळे चला." बायकामुलांना घेऊन फुटबॉलला जाणारा मास्तर अख्ख्या रत्नागिरीत दुसरा नव्हता. शेजारच्या काकू आईला हसायच्या. आई कुरकुरायची, "मला काय कळतंय हो त्या लाथाळीतलं?" पण यायची. माझ्या भावाच्या, वसूच्या काखेत तरटाची गुंडाळी, माझ्या हातात तळलेल्या गऱ्यांचा डबा, आणि जांभ्याच्या पायऱ्यांची ती उभी पाखाडी चढताना तुम्ही सगळ्यांच्या पुढे.

पश्चिमेकडच्या गोलाजवळ काजूचं एक झाड होतं, त्याखाली आमची जागा. सुरूचे दोन खांब आणि वर आडवा बांबू, एवढाच गोल. जाळी कुठली? चेंडू खांबांच्या आतून गेला की बाहेरून, हे पंचाने म्हणायचं. मागे करवंदीची जाळी आणि रचलेल्या दगडांचा गडगा, त्याच्या पलीकडे खाली समुद्र. खेळणारे बहुतेक अनवाणी. कातळाने अंगठे फुटायचे, आणि तरी पोरं धावायची.

तुम्ही मला हा खेळ शिकवलात. माजघराच्या जमिनीवर चिंचोके मांडून ऑफसाइड समजावलंत. वसूला आधी कळलं नाही, मला कळलं, तेव्हा तुम्ही आईला हाक मारून सांगितलंत, "अगो ऐकलंस का, कुसूला समजलं!" मुलीला असलं काही समजून काय करायचंय, हे तुमच्या मनातही आलं नाही. सासरी गुहागरला मी हे कुणाला सांगितलं तर हसतात. मला त्याचा अभिमान आहे, अण्णा. अजून आहे.

तुमची शिट्टी म्हणजे शेवटचा शब्द होता. बंदरावरची पोरं आणि कचेरीतले कारकून, हे दोन संघ एकमेकांच्या जिवावर उठलेले असायचे, पण तुम्ही बोट दाखवलंत की मुकाट मागे सरायचे. बंदरावरच्यांचा पुढारी गंगाराम, होडी चालवणाऱ्या तांडेलाचा मुलगा, काळाकभिन्न आणि सरळ. थोडी वर्षं तुमच्या वर्गात बसून मग बोटीवर गेला होता आणि कुठल्या कुठल्या गोदीत खेळ शिकून आला होता. तुम्ही मैदानावर आलात की तो आधी डोक्यावरची टोपी काढायचा.

मग एका संध्याकाळी परत येताना पाखाडीच्या तोंडाशी तुम्ही थांबलात. म्हणालात, "कुसू, हात दे. पडशील." मी हात दिला. मी त्या पायऱ्यांवरून रोज उड्या मारत उतरणारी मुलगी, मी कशाला पडते? पण तुमचा हात धरायला मिळाला म्हणून मी खूष होते. तुम्ही माझी बोटं इतकी घट्ट धरलीत की अंगठी रुतली. प्रत्येक पायरीवर तुमचं पाऊल आधी चाचपायचं आणि मग टेकायचं. त्यानंतर प्रत्येक शनिवारी तेच. "हात दे, पडशील." मला हे कळायला बरीच वर्षं लागली, की पडणारी मी नव्हते.

घरातही काहीतरी बदलत होतं, आणि आम्हाला त्याची गंमत वाटत होती. तुम्ही म्हणालात, कंदिलाभोवती इंद्रधनुष्य दिसतं. वसू आणि मी डोळे बारीक करून, तिरके करून बघत बसलो, आम्हाला काही दिसेना. तुम्हाला दिसतं म्हणजे तुम्ही मोठे, असं आम्हाला वाटलं. मग तुमचं डोकं दुखू लागलं. कपाळावर सुंठेचा लेप लावून तुम्ही काळोख्या खोलीत पडून राहायचात. वाटेतला तांब्या तुमच्या पायाने लवंडायचा, उघड्या दाराच्या कडेवर खांदा आपटायचा. एकदा आई ताट घेऊन तुमच्या डाव्या बाजूला उभी राहिली आणि तुम्ही समोर बघत ओरडलात, "अगो, वाढतेस ना?" ती वळसा घालून तुमच्या समोर आली. त्या दिवसापासून घरातली एकही वस्तू वाटेत राहिली नाही. पाट, घंगाळ, माझी भातुकली, सगळं भिंतीला टेकून. आणि मॅचला यायला कुरकुरणारी आई शनिवारी तुमच्या आधी तयार होऊन बसू लागली.

वसूने एकदा विचारलं, "आई, अण्णांना दिसत नाही का गो?"

आईने त्याच्या थोबाडीत मारली. तिने आम्हाला मारलेलं मला दुसरं आठवत नाही. मग त्याला जवळ ओढून म्हणाली, "पुन्हा हे तोंडातून काढू नकोस. शाळेत कळलं तर उद्या त्यांना घरी बसवतील."

म्हणूनच तुम्ही शिट्टी सोडत नव्हतात, हो ना? मास्तर पंचाचं काम का सोडतात, असं कुणी विचारायला नको म्हणून. ज्याला मैदानाच्या त्या टोकाचा चेंडू दिसतो त्याला फळा दिसणारच. तुम्ही चेंडूच्या अगदी मागे मागे पळायचात. दमायचात, छाती भात्यासारखी हलायची. आणि चेंडू दिसेनासा झाला की तुम्ही लोकांचा ओरडा ऐकायचात. ज्या बाजूचा ओरडा आधी उठेल, ज्याच्यात जोर असेल, तिकडे तुमचं बोट जायचं. पुष्कळदा ते बरोबरच असायचं.

पण लोकांना त्याचा वास लागला. कारण कुणालाच ठाऊक नव्हतं, पण आधी ओरडतो त्याला मास्तर देतात, एवढं सगळ्यांच्या ध्यानात आलं. मग दोन्हीकडचे लोक ओरडायला माणसं आणू लागले. पत्र्याचे डबे आले, ढोल आला. चेंडू रेषेपासून हातभर दूर असतानाच सगळीकडून बोंब उठायची. त्या गोंगाटात तुम्ही मान इकडून तिकडे वळवायचात. मी गरे खायचं सोडून दिलं होतं. आई तरटावर बसून पदराचं टोक पिळत राहायची. आम्ही तिघंही खेळ बघत नव्हतो, तुम्हालाच बघत होतो.

शेवटच्या सामन्याच्या दिवशी सकाळी आई तुम्हाला म्हणाली, "अहो, आज नका जाऊ. पोटात दुखतंय म्हणून निरोप पाठवा."

"मी आजवर कधी खोटं कारण दिलेलं नाही," तुम्ही म्हणालात.

आईने तुमच्याकडे नुसतं बघितलं. तुम्हाला ते दिसलं का, मला सांगता येणार नाही.

त्या दिवशी बक्षीस द्यायला बोलावलेले पाहुणे उशिरा आले. त्यांची वाट बघण्यात ऊन उतरलं. खेळ सुरू झाला तेव्हाच सावल्या लांब झालेल्या, आणि दुसरा डाव निम्मा झाला तेव्हा सूर्य समुद्रावर टेकत आलेला. कुणाचाच गोल झालेला नव्हता. ढोल थांबत नव्हता. आई एकदा नुसतीच म्हणाली, "आटपा रे, आटपा लवकर," कुणाला म्हणाली देव जाणे.

आणि मग गंगाराम आमच्या बाजूने घुसला. दोघांना चुकवलं आणि चेंडू मारला. मी काजूखाली होते, अण्णा, खांबापासून जवळ. चेंडू उजव्या खांबाच्या आतून गेला. चांगला वीतभर आतून. गडग्यावरून उडाला आणि पलीकडे उतरणीवर गेला. दोन्हीकडून एकदम आरोळी उठली, सारख्याच जोराची. तुम्ही धावत गोलापाशी आलात आणि थांबलात. शिट्टी तोंडात, पण वाजली नाही. लोक तुमच्या बोटाची वाट बघू लागले. ओरडा थांबला, मग ढोल थांबला. सड्यावर तशी शांतता मी आधी कधी ऐकली नव्हती. त्या शांततेत तुम्ही उभे होतात, आणि कुठे बघायचं ते तुम्हाला कळत नव्हतं. तुमचा चेहरा खांबांकडे नव्हताच, त्यांच्या बाजूने भलतीकडे, समुद्राकडे होता.

मग तुम्ही शिट्टी वाजवलीत आणि हात बाहेर दाखवलात.

बंदरावरचे लोक उसळले. गंगाराम पुढे आला. त्याच्या मागून त्याचे गडी येऊ लागले तसा तो मागे न बघता म्हणाला, "तितंच ऱ्हावा. कोन फुडं येऊ नका." तो एकटा तुमच्या समोर येऊन उभा राहिला, लोकांकडे पाठ करून. टोपी त्या दिवशी त्याच्या डोक्यावर तशीच होती.

"मास्तर, गोल झाला."

"बाहेर गेला."

"तुमी बघितलात?"

"मी पंच आहे, गंगाराम."

काय दिसलं त्याला तुमच्या डोळ्यांत, कोण जाणे. त्याने उजवा हात पोटाशी धरला आणि आवाज उतरवून विचारलं, "मास्तर, माज्या हातात काय हाय?"

आईने माझा दंड धरला. वसूने मान खाली घातली.

"चेंडू," तुम्ही म्हणालात.

त्याचा हात रिकामा होता, अण्णा. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही, आज सांगते. तळहात उघडा होता, त्यावर गुलालासारखी लाल माती लागलेली, बाकी काही नाही. चेंडू अजून गडग्यापलीकडे होता. गंगारामचा रागाने फुललेला चेहरा एकदम उतरला. वाटलं, हा आता रडतो की काय. त्याने मूठ मिटली. मग तो लोकांकडे वळला आणि होडीवरून हाक मारावी तसा मोठ्याने ओरडला, "बॉल भायेर गेला! मास्तर बरोबर हायत! चला समदे खाली!"

कचेरीवाले नाचू लागले. बंदरावरच्या लोकांना काय झालं तेच कळेना. मग कुणीतरी बोंबलला, "गंग्या इकला गेला!" आणि पहिला दगड आला. तो तुमच्या खांद्यावर बसला. तुम्ही दगड आला त्याच्या उलट दिशेला वळलात. तेव्हा आई उठली. डोक्यावरचा पदर घट्ट धरून, सरळ चुन्याची रेषा ओलांडून मैदानात गेली आणि चारचौघांत तुमचा हात धरला. "चला," एवढंच म्हणाली. गंगाराम आणि त्याचे दोन गडी आमच्या मागून चालत आले, पाखाडी संपेपर्यंत. दगड त्यांना लागत होते. एक गंगारामच्या कानामागे लागला, रक्त आलं. त्याने ते पुसलं नाही.

घरी येऊन तुम्ही ओटीवर बसलात. आई खांद्याला हळद लावत होती. तुम्ही म्हणालात, "चेंडू बाहेर गेला होता."

"हो," आई म्हणाली.

त्यानंतर तुम्ही गुडघ्याचं निमित्त सांगून शिट्टी ठेवून दिलीत. लोकांना ते खरं वाटलं. दगड खाल्लेल्या माणसाला पुन्हा मैदानात का जात नाही, असं कोण विचारणार? पुढची कितीतरी वर्षं तुम्ही पाठ असलेलं गणित शिकवत राहिलात. वसू मॅट्रिक झाला, माझं लग्न झालं, मग केव्हातरी शाळेला कळलं आणि तुम्ही घरी बसलात. आमची ती सगळी वर्षं एका खलाशाने मोठ्याने बोललेल्या खोट्यावर चालली होती. त्याचं काय झालं? लाच खाऊन सामना सोडला, असं त्याच्या बापालासुद्धा वाटलं. त्याला बंदरावर कुणी बरोबर घेईना, होडीवर कुणी चढू देईना. तो मुंबईला गेला आणि पुन्हा रत्नागिरीत आला नाही.

आपलं भांडण मात्र चालूच राहिलं. मी माहेरपणाला आले की पहिल्या नाहीतर दुसऱ्या दिवशी ते निघायचंच. मी म्हणायची, आत गेला होता. तुम्ही म्हणायचात, बाहेर. डोळे पुरते गेले, गावाला माहीत झालं, लपवण्यासारखं काही उरलं नाही, तरी तुम्ही ऐकेनात. "तू किती लहान होतीस, कुसू! तुला काय कळणार?" ज्याने चिंचोके मांडून मला खेळ शिकवला, तो माणूस हे म्हणायचा! मी चिडून आत निघून जायची. तुम्हाला ठाऊक होतं का, अण्णा? गंगारामने काय केलं ते तुम्हाला तिथल्या तिथे कळलं होतं, आणि म्हणून तर तुम्ही चेंडू बाहेर ठेवलात ना? तो आत गेला असं एकदा म्हटलं की त्या मुलाचं सगळं आयुष्य तुमच्यापुढे येऊन उभं राहिलं असतं.

गंगाराम गोदीत जहाजाच्या तळाशी पडून वारल्याची बातमी आली तेव्हा मी इथेच होते. तुम्ही पानावरून उठलात. आईने विचारलं तर म्हणालात, "माझ्या वर्गात होता तो." दोन वेळा जेवला नाहीत. मी विचारायला आले होते, तुमच्या दारापर्यंत आले, आणि तुम्ही भिंतीकडे तोंड करून बसलेले बघून परत फिरले.

आता कालचं सांगते. तेराव्याची माणसं जेवून गेली होती. भर दुपार होती, अंगणात लख्ख ऊन. वसू मुंबईहून आलाय हे तुम्हाला शेवटच्या तापातही कळलं होतं, त्याच्या आवाजाकडे तुम्ही मान वळवली होतीत. एका कचेरीत तो इमारतींचे नकाशे काढतो, साहेब खूष आहे त्याच्यावर. तो विहिरीकडून येत होता आणि माझा नंदू डावीकडून पळत आला. चांगला दिसेल असा, हसत, ओरडत. वसू त्याच्यावर आदळला आणि दोघेही पडले. सगळे हसले. नंदूही हसला. आई हसली नाही. ती ओटीच्या खांबाला धरून वसूकडे बघत राहिली, आणि मी तिच्याकडे.

या घरात हे कुणी विचारत नाही. मी विचारलं. सगळ्यांसमोर विचारलं, अण्णा. "वसू, तुला डावीकडचं दिसत नाही का?"

तो धोतरावरची माती झटकत राहिला. मग म्हणाला, "संध्याकाळी कागदावरच्या रेघा पुसट होतात. गेल्या पावसाळ्यापासून."

आई खाली बसली. म्हणाली, "तुझ्या वडिलांना मिरजेला नेलं होतं ना, सगळं गेल्यावर. डॉक्टर म्हणाले, आधी आला असतात तर उरलेली नजर राखता आली असती. आणि म्हणाले, हा रोग घरात उतरतो, मुलांचे डोळे दाखवा. परतताना मोटारीत ह्यांनी मला शपथ घातली. पोरांना आत्तापासून भीती कशाला, म्हणाले. वसूची नोकरी जाईल, म्हणाले. कुसूला सासरी काय म्हणतील, म्हणाले."

तुमच्यावर मी इतकी कधी चिडले नव्हते. घरात तुमचा फोटो नाही, नाहीतर त्याच्याशी भांडले असते. मग मागीलदारी जाऊन रडले, आणि रडताना एवढंच डोळ्यांपुढे येत होतं की काळोखात पाखाडी उतरताना तुम्ही किती घाबरत असाल, आणि आम्हाला ते कळू नये म्हणून वाटभर गोष्टी सांगत होतात.

उद्या सकाळच्या मोटारीने मी वसूला घेऊन मिरजेला निघते आहे. तो नको म्हणत होता. रजा नाही, साहेबाला काय सांगू, पुढच्या महिन्यात बघू, सगळं तुमच्यासारखंच. मी त्याचं बोचकं बांधून ओटीवर ठेवलं. माझेही डोळे दाखवून घेणार आहे.

मघाशी आई आतून आली. तुम्हाला जाऊन अजून पंधरवडा झाला नाही, तिने उंबरा ओलांडू नये असं काकूंनी तिला दोनदा बजावलंय. तिने दुसरं बोचकं आणून वसूच्या बोचक्याशेजारी ठेवलं.

"मी येते," ती म्हणाली. "डॉक्टर काय म्हणाले होते ते मला पाठ आहे. ह्या वेळी मीच बोलते."